माहेर ओढणारा ट्रक

१२ जानेवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. रिटायर झाल्यावर लिहिणं सुटलं होतं, पण मोठं काम हाती घेतलं की नोंद हवीच, ही तीस वर्षांची सवय. कौन्सिलमध्ये मी वजनंमापं तपासायचो. कॉव्हेंट्रीतला एकही किराणावाला, पेट्रोलपंप किंवा लॉऱ्यांचा वजनकाटा माझ्या हातून सुटलेला नाही. अजूनही कुणाच्या घरी काटा दिसला की माझ्या खिशातलं एक किलोचं पितळी वजन आपोआप बाहेर येतं. अर्चना म्हणायची, "अहो, पाहुणे म्हणून आलोय, धाड घालायला नाही."

तर काम असं. आमची एकुलती एक ईशानी लंडनला, ईलिंगमध्ये असते. मेच्या पहिल्या आठवड्यात तिला बाळ होणार. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. अर्चनाचं स्वतःचं झालं ते इथं, १९९२ च्या बर्फात, आई सातासमुद्रापलीकडे आणि मदतीला मी एकटा. तेव्हाच तिनं ठरवून टाकलं होतं, "हिचं बाळंतपण मात्र मी ह्याच घरात करणार." पण अर्चनाला जाऊन आता चौदा महिने झाले. काल पुण्याहून आसावरीताईचा फोन आला. म्हणाली, "कमलाकर, वाईट वाटून घेऊ नकोस, पण आई असते तोवरच माहेर. तू पुरुषमाणूस काय करणार?"

मी रात्रभर विचार केला नाही. दहा मिनिटं केला. आई नाही म्हणजे ह्या घराचं माहेरपण संपलं, हे मान्य. पण लेक माहेरी येऊ शकत नसेल, तर माहेर लेकीकडे का जाऊ शकणार नाही? शेजारच्या मिसेस हॉलंड त्यांच्या नवऱ्याची कॅरॅव्हॅन विकत होत्या. चार माणसांची, स्वयंपाकघर, शॉवर, सगळं आत. आज सकाळी घेऊन टाकली. भरून पंधराशे किलो, त्याच्यावर एक किलोही चालणार नाही. एप्रिल ते जून ईलिंगजवळ जाऊन राहायचं, हे घर बंद करायचं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळाची अंघोळ, सगळं मी करणार. यूट्यूबवर सगळं आहे.

राहता राहिला प्रश्न कॅरॅव्हॅन ओढणार कोण. माझी छोटी गाडी तिच्यापुढे उंदीर आहे. पिकअप ट्रक घ्यावा लागेल.

१५ जानेवारी, बुधवार

उल्हास आला होता. चाळीस वर्षांची दोस्ती, त्यातली तीस त्यानं इथली बस चालवली. अंगणात उभी कॅरॅव्हॅन बघून कपाळावर हात मारला. "अरे, आधी ट्रक घेतात, मग त्याला झेपेल अशी कॅरॅव्हॅन. तू नवरी मांडवात आणून बसवलीस आणि आता स्थळं बघतोयस."

म्हटलं, स्थळं मी अशी बघेन की बघत राहशील. नियम सोपा आहे. कॅरॅव्हॅनचं वजन ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या पंच्याऐंशी टक्क्यांच्या आत असावं, नाहीतर मोटरवेवर शेपूट कुत्र्याला हलवतं. पिकअप दोन टनांच्या वर असतात. म्हणजे त्या बाजूनं चिंता नाही, बारीक गोष्टी पाहायच्या. आणि बारीक गोष्टींत मला कोण हरवणार?

संध्याकाळी ईशानीचा फोन. "बाबा, घरातला बॉयलर ओके आहे ना? ख्रिसमसला माझ्या रूमचं रेडिएटर कोल्ड होतं." पोरीला माझी काळजी. मी सांगितलं, मी वर जातच नाही, खाली सोफ्यावर झोपतो, पाठीला बरं पडतं. आणि एप्रिलपासून तर मी कॅरॅव्हॅनमध्येच, तिथलं हीटिंग गॅसवर आणि विजेवर दोन्हीवर चालतं. ती "ओके बाबा" म्हणाली. निश्चिंत झाली.

२५ जानेवारी, शनिवार

पहिलं स्थळ पाहिलं. करडा रंग, २०१४ सालचा, इंजिनाचा आवाज गरती बाईसारखा शांत. विकणारा म्हणाला, काहीही ओढेल, घर बांधा आणि ओढा. मी कागद मागितले. डिझेलचं इंजिन जुन्या मापदंडाचं. असला ट्रक लंडनमध्ये शिरला की प्रदूषणाचा आकार रोज भरावा लागतो. रोज लेकीला भेटायला जायचं आणि रोज दाराशी जकात द्यायची? म्हटलं, राम राम.

येताना ईशानीचा फोन. कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलला आपल्या घरून किती वेळ लागतो, विचारत होती. बारा मिनिटं, मी सांगितलं, पण पिकअप सव्वापाच मीटर लांब, तिथल्या पार्किंगच्या खणात तो मावणार नाही. का विचारत होती ते विचारायचं राहिलं. अर्चनाची आठवण आली असेल, तिथेच गेली ना ती.

२ फेब्रुवारी, रविवार

दुसरं स्थळ. पांढरा, दणकट, पुढे पूर्ण दारं, मागे अर्धी. मागची सीट म्हणजे देवळातल्या पाटाएवढं बाकडं. बाळाची सीट त्यावर बसणार नाही. म्हणजे नातवंडाला मागे सामानात टाकायचं का? बाद.

नकुलचा फोन आला. जावई मूळचा नागपूरचा, सॉफ्टवेअरमध्ये, कामाच्या व्हिसावर आलेला. गुणी मुलगा पण बोलायला दहा वेळा घसा खाकरतो. "बाबा, मिडवाइफ विचारत होती, हॉस्पिटल कुठलं ठरवायचं ते मार्चएंडपर्यंत सांगा म्हणे. तुमचं काय मत?" मी म्हटलं, अरे, माझं काय मत असणार, तुमचं घर तिथं, तुमचं हॉस्पिटल तिथं. मी काय, चाकांवर आहे. जिथं म्हणाल तिथं येईन. तो परत खाकरला आणि मग नागपूरच्या थंडीबद्दल बोलला.

अक्सब्रिजच्या पुढे एका फार्मवर जागा ठरवली. ईलिंगपासून नऊ मैल. वीज, पाणी, आणि शेजारी शेळ्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज काही झालं नाही. घरात शांतता फार आहे. मसाल्याचा डबा उघडला, जिरं संपलंय असं वाटलं, बंद केला. एकदाचा एप्रिल येऊ दे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ईलिंगला डोहाळजेवण. नकुलच्या ऑफिसातल्या मुलींनीच सगळं केलं, हॉल, हिरवे फुगे, फुलांचे दागिने. ईशानी हिरव्या साडीत. ती साडी अर्चनाची होती हे मध्येच माझ्या लक्षात आलं आणि मी पाणी प्यायला बाहेर गेलो. परत आलो तेव्हा वाट्या उघडणं चाललं होतं. पेढा निघाला की बर्फी हे मी सांगणार नाही, मी असल्या मोजमापावर विश्वास ठेवत नाही. पण बर्फी निघाली.

जेवताना देवयानी नावाच्या एका बाईंनी विचारलं, "मग ईशानी, सातवा लागला. माहेरी कधी जाणार?" ईशानी हसली. म्हणाली, "आई म्हणायची, मुलीनं विचारायचं नसतं. You don't ask, they come and get you. माहेरचा माणूस न्यायला येतो." आणि माझ्याकडे पाहिलं.

हीच वेळ होती. मी उठलो आणि हॉलभर जाहीर केलं, की माहेरचा माणूस नुसता येत नाहीये, अख्खं माहेर घेऊन येतोय. सात मीटर लांब. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलीनं तर व्हिडिओ काढला. ईशानीचे डोळे भरून आले. मलाही फार बरं वाटलं. अर्चनाला सांगावंसं वाटलं की बघ, तुझ्यावाचूनही मी हे निभावतोय.

२ मार्च, रविवार

ईशानी आणि नकुल आज दिवसभर इथं होते, "ट्रक बघायला". दोन स्थळं उरली आहेत. एक लाल, ताकदीचा, पण रिकामा असला की मागून उड्या मारतो, कारण मागे पट्ट्यांच्या स्प्रिंगा. दुसरा निळा, २०१९ चा, चार दारांचा, मागे गोल स्प्रिंगा, दाराखाली पाय ठेवायला पायरी. दोघांचीही साडेतीन टन ओढायची कुवत. उल्हासचं मत लालला. "ताकद बघ रे. निळा म्हणजे बँकेतला कारकून."

मी ईशानीला दोन्हींत चढायला लावलं. लालमध्ये तिला नकुलनं हात दिला, वर मीही दिला. निळ्यात ती एकटी चढली, आरामात बसली, पट्टा पोटाखालून नीट बसवला. म्हणाली, "हा छान आहे बाबा. यात झोप पण येईल." पायरी जमिनीपासून अठरा इंच. मी टेप लावून मोजली. निर्णय तिथंच झाला.

घरी आल्यावर ती वर तिच्या खोलीत गेली आणि बराच वेळ आली नाही. मी खालून हाक मारली. वरून आवाज आला, "बाबा, माझ्या बेडवर टॉयलेटचा टँक आहे."

मी धावत वर गेलो. तिला सांगितलं की टँक अगदी कोरा आहे, सील तोडलेलं नाही. कॅरॅव्हॅनचं सगळं सामान त्या खोलीत नीट लावलंय, ओढतानाचे मोठे आरसे, तंबू, गॅसच्या नळ्या. अर्चनाच्या साड्यांच्या ट्रंका भिंतीला. तिनं बेडच्या कोपऱ्यावर हात ठेवला, तेवढीच जागा मोकळी होती. "इट्स फाइन," म्हणाली. जाताना मला फार घट्ट मिठी मारली. पोट मध्ये आल्यामुळे अर्धीच बसली.

नकुल गाडीशी थांबला होता. घसा खाकरला. "बाबा, तिचं ना... म्हणजे..." ईशानीनं खिडकीतून त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "काही नाही. ट्रक चांगला आहे."

१६ मार्च, रविवार

निळा काल दारात आला. मी तो चार वेळा धुतला. पंच्याऐंशी टक्के सोडा, आमचं प्रमाण सत्तर बसतं. उल्हास पत्रिका जुळली म्हणून पेढे मागतोय. काल दोघांनी मिळून कॅरॅव्हॅन जोडून केनिलवर्थपर्यंत चक्कर मारली. मागे वळवताना उल्हास खाली उतरून "आन दे, आन दे" करत होता, आणि शेजाऱ्यांच्या कुंपणाचं एकच फळकूट गेलं. ते तसंही कुजकं होतं. गाडी हातात बसली आहे.

ईशानीला फोटो पाठवले. तिचा फोन आला. "बाबा, पाळणा नका ना नेऊ. घरीच ठेवा. ट्रॅव्हलमध्ये तुटेल." १९९२ साली अर्चनाच्या भावानं बोटीनं पाठवलेला शिसवी पाळणा. मी म्हटलं, तुटेल कसा, वजनमापंवाला बांधतोय. गादी, रस्सी, चार ठिकाणी गाठी. मग "लव्ह यू बाबा" म्हणून फोन ठेवला.

२९ मार्च, शनिवार

मोठी नोंद आहे. सावकाश लिहितो.

उद्या पाडवा. उद्या सकाळी निघायचं ठरलं होतं. काल दिवसभर भरलं. शिसवी पाळणा. पितळी घंगाळं. बाळाला न्हाऊ घालायचा पाट. शेगडी, खलबत्ता, डिंक, खारीक, खोबरं, पाच किलो तूप. गोधड्या शिवायला म्हणून अर्चनाच्या मऊ सुती साड्यांची एक ट्रंक. तिचे मसाल्याचे डबे जसेच्या तसे. देव. माझी पितळी वजनं.

सकाळी सगळं जोडून सार्वजनिक वजनकाट्यावर गेलो. रस्त्यावर अंदाजानं निघणारा मी नव्हे. काट्यावर डेव्ह होता, ज्याचा काटा मी अठरा वर्षं तपासला. त्यानं आकडा पाहिला, मग कॅरॅव्हॅनच्या दाराकडे पाहिलं. "कमल," म्हणाला, "आत काय अख्खं घर भरलंय?"

सोळाशे चाळीस किलो. एकशे चाळीस जास्त. आणि नोजवेट, म्हणजे कॅरॅव्हॅनचं नाक ट्रकच्या हुकावर जे ओझं टाकतं ते, शंभरच्या जागी एकशे तीस. मी डेव्हला म्हटलं, तुझा काटा तपासायला हवा. तो हसला. काटा बरोबर होता, हे मला त्याच्याआधी माहीत होतं. त्यानं पोलिसांना कळवलं नाही पण दम दिला, सरळ घरी जा.

घरी येऊन उतरवायला घेतलं. उतरवलेलं ठेवायचं कुठं? जिथून काढलं तिथं. पाट आणि घंगाळं बाथरूममध्ये गेलं. डबे स्वयंपाकघरातल्या फळीवर, अर्चनानं लावलेल्या क्रमानं. पाळणा ईशानीच्या खोलीत न्यायचा म्हणून आधी बेडवरचा टँक काढला, मग तंबू, मग आरसे. पाळण्याला जागा झाली. खिडकी उघडली. रेडिएटर थंड होतं, त्यातली हवा काढली, अर्ध्या तासात गरम झालं. देव देवघरात गेले. तीन वाजता पुन्हा हिशेब मांडायला बसलो. कॅरॅव्हॅनचं रिकामं वजन मी कुठं लिहिलंय का ते बघायला ही वही पहिल्या पानापासून वाचली.

वजन कुठं लिहिलेलं नव्हतं. दुसरंच सापडलं.

बॉयलर चालू आहे का. घरून हॉस्पिटल किती लांब. हॉस्पिटल कुठलं ठरवायचं. माहेरचा माणूस न्यायला येतो. माझ्या बेडवर टँक आहे. पाळणा घरीच ठेवा. पाच वेळा तिनं, एकदा जावयानं. आणि सगळ्यांत वर, पहिल्याच पानावर, माझ्या हातचं, अर्चनाचं वाक्य: ह्याच घरात.

ऑफिसात नवीन आलेल्या पोरांना मी शिकवायचो, काटा सहा वेळा तोच आकडा दाखवत असेल तर काटा बरोबर आहे, वाचणारा गाढव आहे. गाढव मी. लेकीनं तोंडानं मागायचं नसतं, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. आणि बोलावणं माहेरच्यांनी धाडायचं असतं, हे मला शिकवणारी उरली नव्हती. मी आपला समजून बसलो की आई गेली म्हणजे माहेर गेलं. मी होतो ना. घर होतं ना. खरं सांगायचं तर मलाच ह्या घरात राहवत नव्हतं. लेकीचं निमित्त करून मीच पळत होतो, आणि पळायला सगळ्यांत चांगला ट्रक शोधत होतो.

जिन्याच्या पायरीवर बसून खूप रडलो. मग उठून तिच्या बेडवर नवी चादर घातली.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

आज घड्याळं एक तास पुढे गेली, म्हणजे तास गेला तोही आजच. तरी सहाला गुढी उभारली. साखरेची गाठी नव्हती, खारकांची माळ घातली. कॅरॅव्हॅन अंगणात सोडली आणि नुसता निळा घेऊन निघालो.

पेट्रोलपंपावर जिकडे तिकडे फुलं. इथला मदर्स डे आजच. दरवर्षी ईशानी अर्चनाला पाठवायची. मी एक जुडी घेतली, पिवळी.

रिकामा ट्रक अजिबात उडत नव्हता. गोल स्प्रिंगा.

नकुलनं दार उघडलं. माझ्या मागे रस्त्यावर पाहिलं. "बाबा, कॅरॅव्हॅन कुठंय?"

"घरी."

"मग आज तुम्ही..."

"न्यायला आलोय," मी म्हटलं. "आपल्याकडे मुराळी म्हणतात. माहेराहून लेकीला न्यायला येतो तो. उशीर झाला. दोन महिने उशीर झाला, पण आलोय."

ईशानी मागे येऊन उभी होती. आत गेली आणि अर्ध्या मिनिटात बॅग घेऊन आली. मोठी, भरलेली, वर बाळाची पांढरी टोपी घडी करून ठेवलेली.

"ही कधी भरलीस?"

"फेब्रुवारीत," ती म्हणाली. "डोहाळजेवणाचा नेक्स्ट डे."

फुलं पुढे केली. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही रडलात तर मी पण रडणार, आणि मिडवाइफनं सांगितलंय बीपी वाढवू नको." मग दोघंही रडलो. नकुलनं दहा वेळा घसा खाकरला आणि ट्रकमध्ये सामान भरायला गेला.

निळ्यात ती एकटी चढली. वाटेत बॅन्बरी यायच्या आधीच झोपली.

६ एप्रिल, रविवार

हॉस्पिटलचे कागद इथं बदलून आले, अगदी शेवटच्या घटकेला. बारा मिनिटं, आणि पार्किंगला माझी छोटी गाडी चालते.

नकुलचा प्रश्न होता. सासऱ्याच्या घरात दोन महिने राहायचं म्हणजे, त्याच्या भाषेत, "नागपूरला कळलं तर घरजावई म्हणून चिडवतील." मी त्याला कॅरॅव्हॅनची किल्ली दिली. म्हटलं, हे तुझं स्वतंत्र घर, पत्ता वेगळा, वीज माझी. तो खूश. दिवसभर आत बसून ऑफिसचं काम करतो, जेवायला पाहुण्यासारखा दार वाजवून येतो. उल्हास म्हणतो, एवढ्या स्थळांत हेच जमलं, ट्रक नाही, जावईच कॅरॅव्हॅनला जुळला.

मी आता वर झोपतो. ईशानीला रात्री काही लागलं तर हाक ऐकू यायला हवी. पाठीला काही झालेलं नाही.

डिंकाचे लाडू दोनदा बिघडले. तिसऱ्या घाण्याला ईशानीनं आसावरीताईला व्हिडिओवर घेतलं. ताईनं मागचं स्वयंपाकघर पाहिलं, डबे पाहिले, ईशानीचं पोट पाहिलं. मग म्हणाली, "कमलाकर, पाक अजून पक्का कर."

८ मे, गुरुवार

शनिवारी पहाटे मुलगी झाली. बर्फीचं खरं ठरलं, पण तो योगायोग, मोजमाप नव्हे. दोघी सुखरूप घरी.

आज पाचवा दिवस. मिडवाइफ घरी आली, बाळाचं वजन करायला. ईशानीच्या बेडवर तिनं कापडी झोळीचा छोटा काटा मांडला. बाळाला झोळीत घातलं तसं नातीनं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं, मोठ्या साहेबासारखं. तीन किलो दहा ग्रॅम. जन्माच्या वेळेपेक्षा थोडं कमी, पण पहिल्या आठवड्यात असं होतं, भरून निघेल, असं ती बाई म्हणाली.

ईशानी उशीला टेकून माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं माझ्या खिशात काय असतं ते. "बाबा," ती म्हणाली, "काटा चेक नाही करायचा?"

खिशात हात गेला होता. पितळी वजन बोटांना लागलं. मग मिडवाइफनं बाळाला झोळीतून उचलून माझ्या हातात दिलं, आणि दोन्ही हात त्यातच गुंतले.

"असू दे," मी म्हटलं. "बरोबरच असेल."